शिकणाऱ्याच्या मागची जागा

शाळेच्या स्नेहसंमेलनात, निरोपसमारंभात शिपायांना उद्देशून एक सल्ला हमखास ऐकू येतो: मामा, मावशी, तुम्हीसुद्धा पुढं शिका. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण शिपायाच्या शिक्षणाची सगळी चर्चा जिद्दीपाशी येऊन थांबते, आणि तिथंच ती उथळ होते. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' रुजवलं, १९८९ मध्ये नाशिकला मुक्त विद्यापीठ उभं राहिलं. जिद्दीचा तुटवडा इथं कधीच नव्हता.

याहून घातक मत वेगळंच आहे: शाश्वती माणसाला सुस्त करते, नोकरी पक्की झाली की पुस्तक मिटतं. हे मत मला मुळातून खोटं वाटतं. नोकरीत कायम झाल्यावर पीएच.डी. करणाऱ्या प्राध्यापकाबद्दल असं कुणी म्हणत नाही. ते फक्त घंटा देणाऱ्याबद्दल म्हटलं जातं. परीक्षेसाठी आठ दिवसांची रजा मागायला पाठीशी काहीतरी लागतं. १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्यानं ते शिक्षकांबरोबर शिक्षकेतरांनाही दिलं: दोन वर्षांची परिविक्षा, नंतर चौकशीशिवाय काढता येणार नाही, अन्याय झाला तर न्यायाधिकरण. ज्याची नेमणूक कंत्राटी, तो मुक्त विद्यापीठाच्या संपर्कसत्राचं वेळापत्रक घेऊन मुख्याध्यापकांच्या टेबलापाशी जातच नाही. पुस्तक मिटतं ते भीतीनं आणि थकव्यानं. कायम झालेले काहीजण शिकत नाहीत, हे मान्य. पण शाश्वती काढून घेतल्यानं ते शिकू लागले, असं एकही उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

मोबाइलवरच्या अभ्यासक्रमांनी शिपायांच्या शिक्षणाचा प्रश्न सुटेल म्हणणाऱ्यांनी आधी परीक्षेच्या रजेचं बोलावं.

मला फरक करायचा आहे तो माणसाची शाश्वती आणि जागेची शाश्वती यांत. ११ डिसेंबर २०२० च्या शासननिर्णयानं अनुदानित शाळांतली चतुर्थश्रेणीची, म्हणजे शिपायांची, पदं रिक्त होतील तशी व्यपगत, म्हणजे रद्द ठरवली. त्यांच्या बदल्यात शाळेला शिपाईभत्ता: मुंबई-पुण्यात दरमहा १० हजार, इतर महापालिकांत साडेसात हजार, ग्रामीण भागात ५ हजार रुपये. आज असलेल्या माणसाला धक्का लागला नाही, म्हणून फार ओरडही झाली नाही. पण शिपायानं पात्रता मिळवली, टंकलेखन केलं, लिपिकाच्या खुर्चीवर बसला, तर त्याच्या मागे काय उरतं? पगाराची एक जागा जाते आणि ५ हजारांवर कुणीतरी झाडलोट करायला येतं. एकाचं शिकणं दुसऱ्याच्या मुळावर येतं.

याउलट एक उदाहरण घ्या: पेणजवळच्या जोह्यात गणपतीच्या मूर्तींचे कारखाने आहेत. तिथं नवखा मुलगा आधी साचे भरतो, मूर्ती घासतो; मग रंगाला हात लावतो; हात बसला तरच डोळ्यांच्या आखणीपर्यंत पोचतो. तो आखणीला गेला की साच्यापाशी दुसरा मुलगा येतो. त्याच्या शिकण्यानं कारखान्यातला साचा बंद होत नाही. हे कारखाने आदर्श आहेत असं मी म्हणत नाही. हंगामी काम, रात्रीची जागरणं, कसली हमी नाही. पण तिथं शिकणाऱ्याच्या मागची जागा जिवंत राहते, आणि ज्या संस्थेचं कामच शिकवणं आहे तिथं ती राहत नाही. हे मला सहन होत नाही.

तिजोरीची अडचण मला समजते. लहान शाळांना तीन-तीन शिपाई परवडणार नाहीत, हेही खरं असेल. तरी निवृत्तीनं रिकामी झालेली जागा आणि शिकून वर गेल्यामुळं रिकामी झालेली जागा या दोन्ही एकाच रकान्यात मोजणं चूक आहे. माझी मागणी एवढीच: दुसऱ्या प्रकारची जागा व्यपगत होऊ नये, ती नियमित वेतनश्रेणीत भरली जावी, आणि भत्त्यावर आधीच राबणाऱ्या माणसाला तिथं पहिला हक्क मिळावा.