देवमाशाच्या ताटातला जवळा

लहान मुलांना निळा देवमासा समजावताना आपण हमखास हत्ती मोजायला बसतो. लांबी ३० मीटरपर्यंत, वजन १५० टनांच्या घरात, म्हणजे पंचवीस-तीस हत्ती! मुलं डोळे विस्फारतात आणि विसरून जातात. हृदय मोटारीएवढं असतं, हेही आपण ठोकून देतो. कॅनडात २०१४ साली किनाऱ्याला लागलेल्या एका देवमाशाचं हृदय संग्रहालयाने जपून ठेवलंय; ते भरलं सुमारे १८० किलो. त्यापेक्षा मुलांना छातीवर हात ठेवायला लावावं आणि सांगावं, खोल बुडी मारली की हे हृदय मिनिटाला कधी कधी दोनदाच धडधडतं.

माझ्या भाचीने हत्तींची गणती मध्येच तोडली. "पण तो जेवतो काय?"

याचं उत्तर आपल्या स्वयंपाकघरातल्या बरणीत आहे. त्याचं खाणं क्रिल, म्हणजे जवळ्यासारखाच बोटभर जीव. श्रीलंकेजवळचे निळे देवमासे तर जवळ्याच्याच कुळातली इवली कोळंबी खातात. मोठा मासा लहान माशाला गिळतो, हा मत्स्यन्याय इथे लागू पडत नाही. देवमासा मुळात मासाच नाही. त्याचं पिल्लू आईचं दूध पितं आणि दिवसाला ९० किलोंच्या आसपास वाढतं.

जेवण्याची तऱ्हा मात्र बघण्यासारखी. क्रिलचा दाट घोळका गाठला की तो वेग घेतो, जबडा उघडतो, गळ्याखालच्या चुण्या सुटतात आणि गळा पखालीसारखा फुगतो. मग तोंडातल्या झालरीतून पाणी बाहेर, क्रिल आत. चहा गाळावा तसं. पण जबडा उघडताच पाण्याच्या रेट्याने वेग मरतो. तो पुन्हा घ्यायचा तर ताकद खर्ची पडते. म्हणून विरळ घोळक्यामागे तो फारसा लागत नाही. एवढा अवाढव्य जीव, पण घासाघासाचा हिशेब!

विसाव्या शतकात माणसाने तीन लाखांहून जास्त निळे देवमासे मारले. बंदी आली १९६६ साली. खाणारे गेले म्हणजे अंटार्क्टिकाभोवती क्रिल माजेल, असं वाटलं होतं. तसं झालं नाही. देवमाशाच्या लालसर विष्ठेत लोह असतं. त्यावर पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती पोसतात आणि त्यांच्यावर क्रिल. खत टाकणाराच उरला नाही, तर शेत काय पिकणार?

हे सांगताना मोठ्यांनी 'शी' हा शब्द टाळू नये. हत्ती विसरले जातात. तेवढं मुलांच्या पक्कं लक्षात राहतं.