शेजाऱ्याची वाटी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पेठेतून फिरताना मला एका गोष्टीची नेहमी मौज वाटते. गादीवर कोरी वही उघडलेली असते. पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक, शेजारी 'शुभ' आणि 'लाभ'. आणि लाभाची अशी पूजा झाली, की दुकानदार त्या कोऱ्या वहीत पहिल्याने काय उतरवतो? तर गेल्या वर्षीची उधारी! संसार उधारीवाचून चालत नाही, हे लक्ष्मीलाही मान्य असावे.

घरातली उधारी आणखी निराळी. माझ्या लहानपणी शेजारच्या काकू वाटीभर साखर मागायला येत. आई वाटी भरून देई. चार दिवसांनी वाटी परत येई ती साखरेनेच नव्हे, तर वर एखादा लाडू ठेवून. कोणी लिहून ठेवत नसे आणि कोणी विसरतही नसे.

घराला जे शोभते, ते देशालाही शोभेल काय? २०२२ साली हा प्रश्न आमच्या शिक्षकांच्या खोलीत अचानक येऊन बसला. श्रीलंकेची गंगाजळी आटली होती. पेट्रोलसाठी माणसे रात्रंदिवस रांगेत उभी होती. औषधे मिळत नव्हती. त्या एप्रिलमध्ये त्या देशाने परदेशी कर्जाची फेड थांबवत असल्याचे जाहीर केले. भारताने त्या वर्षी कर्ज, चलनाची अदलाबदल आणि देण्याला मुदतवाढ अशा निरनिराळ्या मार्गांनी जवळजवळ ४०० कोटी डॉलरचा हात दिला. आमचे एक सहकारी उसळून म्हणाले, "मास्तर, आपल्या वर्गाचे छप्पर गळते आहे, आणि आपण शेजाऱ्याची कौले शाकारतो आहोत!"

मी मान डोलावली. खोटे कशाला सांगू? मलाही तसेच वाटले होते. शिवाय दोष त्यांच्याच राज्यकर्त्यांचा होता. २०१९ साली त्यांनी कर एकदम कमी केले. २०२१ साली रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली आणि भाताचे पीक बसले. बॉम्बस्फोट आणि महामारी यांनी पर्यटकही पळवले हे खरे; पण उधळ्या घराला उसने कोणी द्यावे?

मग एक बातमी वाचली. त्या मार्चमध्ये कोलंबोकडच्या प्रांतात शाळांच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या होत्या. कारण प्रश्नपत्रिका छापायला कागद नव्हता. मी मास्तर माणूस. परीक्षा टळल्याचा पोरांचा आनंद मला ठाऊक आहे. पण कागदच नाही म्हणून टळलेली परीक्षा माझ्या कल्पनेत बसेना. खतांचा हुकूम त्या पोरांनी काढला नव्हता. कर्ज करतो एक आणि रांगेत उभा राहतो दुसरा, हे ध्यानात आले आणि माझी डोलावलेली मान जागच्या जागी थांबली.

मग आठवले १९९१ साल. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. देशाजवळ दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतेच परकी चलन उरले होते. तेव्हा आपल्या रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने इंग्लंड आणि जपानच्या बँकांकडे गहाण टाकून सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले. ज्या घरात आईच्या पाटल्या पेढीवर गेल्या आहेत, त्या घराला गहाणाची लाज समजावून सांगावी लागत नाही. तीच समज दुसऱ्याच्या दारी गेल्यावर हरवू नये, एवढेच.

तरीही सहकाऱ्यांचा आक्षेप मी उडवून लावणार नाही. गळक्या छपराचा हक्क पहिला. मात्र कर्ज म्हणजे दान नव्हे. अन्नधान्य आणि औषधांसाठी दिलेले १०० कोटी डॉलर किंवा इंधनासाठी दिलेले ५० कोटी डॉलर रोख पिशवीत घालून कोणी नेले नाहीत; त्या कर्जातून माल घ्यायचा आणि त्याची फेड सव्याज करायची, असा तो व्यवहार. तमिळनाडूने पाठवलेले तांदूळ आणि दूधपूड हे दान होते. दोन्हींना आपापली जागा आहे. पण एकाला दुसऱ्याचे नाव देऊ नये. कर्जात बुडण्याचा धोका असतो, तोही घरच्यांना आधी सांगावा. २०२४च्या जूनमध्ये भारत, जपान, फ्रान्स आदी देशांना श्रीलंकेच्या फेडीची फेरमांडणी मान्य करावीच लागली.

कौटिल्याच्या मंडलात लगतचा राजा हा स्वभावतःच शत्रू. तो खचला तर बरेच, असे त्यावरून कोणी म्हणेल. पण भिंत सामाईक असली, की पलीकडची आग आपले घर विचारून येत नाही. भुकेने पळालेली माणसे होडीत बसून आपल्याच किनाऱ्याला लागतात.

म्हणून द्यावे, असे मला वाटते. खरा प्रश्न पुढचा आहे: कसे द्यावे? हंबनटोटा बंदर २०१७ साली ९९ वर्षांच्या पट्ट्याने एका चिनी कंपनीकडे गेले. कर्ज थकले म्हणून ते जप्त झाले, असे जे सरसकट बोलले जाते ते खरे नाही. पण डॉलरची नड असताना केलेला तो सौदा होता. आणि आपले हात तरी अगदी कोरडे कुठे होते? त्रिंकोमालीच्या तेलटाक्यांचा करार २०२२च्या जानेवारीतच, त्यांच्या अडचणीच्या दिवसांत झाला. शेजाऱ्याच्या पडत्या काळात त्याच्या परसावर डोळा ठेवून दिलेले पैसे म्हणजे शेजारधर्म नव्हे, सावकारी.

हे मी कोणत्या तोंडाने लिहितो? काही वर्षांपूर्वी समोरच्या बिऱ्हाडातले गृहस्थ मुलीच्या फीसाठी पैसे मागायला आले. मी दिले. पण देण्यापूर्वी अर्धा तास काटकसरीवर व्याख्यान झोडले. ते मान खाली घालून ऐकत राहिले. पुढे त्यांनी पै न् पै फेडली आणि त्या दिवसापासून आमचा उंबरा ओलांडला नाही. आमच्या सौभाग्यवती तेव्हा म्हणाल्या, "पैसे दिलेत खरे, पण व्याज आधीच कापून घेतलेत!"

त्या व्याजाची नोंद कोणत्याच वहीत नाही; म्हणून ते परत कसे करावे, हेही कळत नाही. यंदा फराळाचे ताट घेऊन समोर मी स्वतः जाणार आहे. तिथे काय बोलावे, हे अजून सुचलेले नाही. काय बोलू नये, ते मात्र पक्के ठरवले आहे.