माझी नसलेली प्रार्थना

आजचे वचन : लूक १:६७-७९ (जखऱ्याचे स्तुतिगीत)



जखऱ्याची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. म्हातारपणी मूल होणार हे देवदूताचं बोलणं त्याला पटलं नाही आणि त्याची वाचा गेली. अलीशिबेच्या पोटात बाळ वाढलं, जन्माला आलं, आठव्या दिवशी नाव ठेवायला शेजारीपाजारी जमले, तोपर्यंत हा माणूस मुका. मग त्याने पाटीवर बाळाचं नाव लिहिलं आणि त्याची जीभ मोकळी झाली.

विचार करा, इतके महिने गप्प राहिलेला बाप पहिल्यांदा तोंड उघडतो तेव्हा काय बोलेल? आपण असतो तर आधी स्वतःचं गाऱ्हाणं सांगितलं असतं, नाहीतर बाळाचं कौतुक. जखऱ्या आधी देवाची स्तुती करतो. देव आपल्या लोकांकडे आला, दाविदाच्या घराण्याला आणि अब्राहामाला दिलेला शब्द त्याने पाळला, हे सांगतो. या गीतात एकूण १२ ओव्या आहेत. त्यातल्या फक्त दोन, ७६ आणि ७७, तो थेट बाळाला उद्देशून बोलतो. बाकी सगळं गीत लोकांचं आहे. मांडीवर स्वतःचा मुलगा आणि तोंडात सगळ्यांची प्रार्थना!

ख्रिस्तसभेने हे गीत रोज सकाळी आपल्या तोंडी दिलं आहे. आपल्या प्रातःप्रार्थनेचा तो कळस आहे. आज तिच्याविषयीच बोलू या, कारण आपल्यापैकी बरेच जण ती मोबाइलवर म्हणतात, किंवा म्हणायला सुरुवात करून दोन आठवड्यांत सोडून देतात.

पूर्वी वाटायचं, ही फादरांची आणि सिस्टरांची प्रार्थना. जाड ब्रेव्हरी, चार-पाच रंगीत फिती, कुठलं पान कधी उघडायचं ते त्यांनाच माहीत. पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी जाहीर केलेल्या उपासनाविषयक दस्तऐवजात प्रापंचिकांनीही ही प्रार्थना म्हणावी असं आवर्जून सांगितलं आहे : धर्मगुरूंबरोबर, आपापसांत, किंवा अगदी एकट्यानेसुद्धा. सकाळची आणि संध्याकाळची प्रार्थना या रोजच्या उपासनेच्या दोन बिजागऱ्या आहेत, असंही त्यात म्हटलं आहे. दिवसाचं दार त्यांच्यावर फिरतं. पुढे १९७० साली पोप सहावे पॉल यांनी नव्या रूपातली ही प्रार्थना ख्रिस्तसभेला दिली. तिच्यात स्तोत्रं चार आठवड्यांच्या चक्रात वाटलेली आहेत.

आता त्या रंगीत फितींचं काम ॲप करतं. इटलीतले धर्मगुरू पाओलो पादरिनी यांनी २००८ साली 'आयब्रेव्हरी' आणलं. 'युनिव्हर्सालिस' आहे, त्याचं ॲप नेटवर्क नसतानाही चालतं. 'डिव्हाइन ऑफिस'वर तर सगळी प्रार्थना वेगवेगळ्या आवाजांत ऐकता येते, त्यामुळे विरार लोकलच्या गर्दीत हात वर करायला जागा नसली तरी कानात इअरफोन पुरतो. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं. नालासोपारा ते बोरिवली म्हणा ना!

प्रार्थनेचा क्रम सोपा आहे. दिवसाची पहिली प्रार्थना असेल तर आधी देवाला आपले ओठ उघडण्याची विनंती आणि बोलावणं करणारं स्तोत्र, बहुतेक वेळा ९५ वं. मग गीत. मग एक स्तोत्र, जुन्या करारातलं एक स्तुतिगीत आणि पुन्हा स्तुतीचं एक स्तोत्र. एक छोटं वाचन. त्यानंतर जखऱ्याचं गीत, विनंत्या, प्रभूची प्रार्थना आणि शेवटची प्रार्थना.

नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी तीन गोष्टी. एक, कुठलंही एक ॲप निवडा आणि त्यालाच धरून राहा. प्रत्येकाचं भाषांतर थोडं वेगळं असतं; रोज बदललंत तर शब्द तोंडात बसणार नाहीत. दोन, इंग्रजी शब्द परके वाटत असतील तर स्तोत्र आपल्या मराठी बायबलमधून वाचा. फक्त क्रमांक नीट बघा. काही ठिकाणी ६२ (६३) असे दोन आकडे दिसतील. मधल्या बहुतेक स्तोत्रांना जुन्या ग्रीक-लॅटिन पद्धतीत एक आकडा कमी पडतो. आपल्या मराठी बायबलमध्ये मोठा आकडा शोधा. तीन, व्हॉट्सॲप उघडण्याआधी प्रार्थना उघडा. कारण सांगायला नको.

हे झालं तंत्र. पण लोक ही प्रार्थना सोडतात ती तंत्रामुळे नाही. सोडताना बहुतेक जण एकच वाक्य बोलतात : "अरे, ती मला कनेक्टच होत नाही. मी खूश असतो आणि स्तोत्र रडत असतं. मी रडत असतो आणि स्तोत्र टाळ्या वाजवत असतं."

तक्रार खरी आहे. मी ज्या क्षेत्रात काम करतो तिथे सगळा खटाटोप याच्या उलट चाललेला असतो. तुम्ही काय बघता, कुठे थांबता, काय पुढे सरकवता हे मोजायचं आणि तुमच्या मनासारखंच पुढे ठेवायचं. गाणी, बातम्या, जेवण, सगळं 'तुमच्यासाठी खास'. या सवयीने आपण प्रार्थनाही तशीच मागतो : आजच्या माझ्या मूडला शोभेल अशी. प्रातःप्रार्थना मात्र तुमचा मूड विचारत नाही. चारही आठवड्यांत शुक्रवार उजाडला की ५१ वं स्तोत्र येतं, पश्चात्तापाचं. तुम्ही गुरुवारी काय केलंत याच्याशी त्याचा संबंध नाही.

मला याचं उत्तर पुस्तकातून मिळण्याआधी घरातून मिळालं.

माझे बाबा गेले ते शनिवारी रात्री. रविवारी संध्याकाळी दफनविधी होता. पहाटे घरात नातेवाईक ओट्यावर बसलेले, आतल्या खोलीत बायकांची रोझरी चाललेली. सवयीने मी फोन उघडला. पहिल्या आठवड्याचा रविवार. ६३ वं स्तोत्र कसंबसं म्हटलं. पुढे दानीएलच्या पुस्तकातलं ते मोठं गीत : भट्टीत टाकलेले तीन तरुण सूर्याला, चंद्राला, पावसाला, दवाला, थंडीला, डोंगरांना, समुद्रातल्या माशांना, सगळ्यांना देवाची स्तुती करायला सांगतात. एकामागून एक, संपतच नाही. माझे ओठ हलेनात. बाहेर बाबांची शवपेटी यायची होती आणि मी दवबिंदूंना स्तुती करायला सांगू?

मी इअरफोन लावला आणि ऑडिओ सुरू केला. कुठल्या तरी देशातली, माझ्या ओळखीची नसलेली चार-पाच माणसं ते गीत म्हणत होती. एक जण सुरू करी, बाकीचे जोड देत. मी काहीच म्हटलं नाही. तरी प्रार्थना थांबली नाही. माझ्या वाट्याची ओळ कोणीतरी म्हणत होतं.

पुढे जखऱ्याचं गीत आलं. रोज येतं तसंच. त्याच्या शेवटच्या ओव्यांत जखऱ्या सांगतो की देवाच्या दयेमुळे वरून पहाट उजाडेल, जे अंधारात आणि मृत्यूच्या छायेत बसलेत त्यांच्यावर. मी ते शेकडो वेळा म्हटलं होतं. त्या दिवशी कळलं की आजवर मी ते म्हणत होतो तेव्हा कोणाच्या तरी घरी अशीच शवपेटी येत होती. मला ठाऊक नव्हतं, पण माझे शब्द त्यांच्या वतीने जात होते. आणि आज जग भरून माणसं तेच शब्द म्हणत होती, माझ्या घरासाठी. त्यांना माझ्या बाबांचं नावही माहीत नव्हतं.

नंतर या प्रार्थनेच्या मार्गदर्शनपर ग्रंथात हेच लिहिलेलं सापडलं. स्तोत्र म्हणणारा ते केवळ स्वतःच्या नावाने म्हणत नाही, ख्रिस्ताच्या सबंध शरीराच्या नावाने म्हणतो. म्हणून स्तोत्राचा भाव आपल्या मनाशी जुळला नाही तरी आनंदाचं किंवा दुःखाचं कारण नेहमी सापडतं. संत ऑगस्टीन तर याच्याही पुढे जातात. त्यांच्या शिकवणीप्रमाणे ख्रिस्त आपला याजक म्हणून आपल्यासाठी प्रार्थना करतो, मस्तक म्हणून आपल्यामध्ये प्रार्थना करतो आणि आपला देव म्हणून आपण त्याची प्रार्थना करतो. म्हणजे सकाळी लोकलमध्ये आपण ओठातल्या ओठात पुटपुटतो तो आवाज फक्त आपला नसतो.

आपण वसईकरांना यासाठी लांब जायला नको. ६ फेब्रुवारीला रोमन दिनदर्शिकेत नाव येतं 'संत पॉल मिकी आणि सहकारी'. त्या 'सहकारी' या एका शब्दात आपला गोन्सालो गार्सिया आहे. वसईत जन्मलेला, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये नागासाकी इथे क्रूसावर मारलेल्या २६ जणांपैकी एक, १८६२ साली संत म्हणून घोषित झालेला. मथळ्यात त्याचं नाव नसलं तरी त्या दिवशी ब्राझीलमधली एखादी मुलगी प्रार्थना म्हणते तेव्हा आपल्या गावच्या पोराला ती आठवतेच. ख्रिस्तसभेची प्रार्थना अशी चालते. नावं माहीत नसतात, माणसं मात्र त्यात असतात.

म्हणून माझी एक छोटी पद्धत सांगतो. स्तोत्र माझ्या मनाशी जुळलं नाही की मी स्वतःला विचारतो, "हे आज कोणाचं आहे?" आणि एक नाव घेतो. दुसऱ्या आठवड्याच्या सोमवारी ४२ वं स्तोत्र येतं, रात्रंदिवस अश्रूंवर जगणाऱ्या माणसाचं. माझ्या मुलीचा पहिला वाढदिवस नेमका त्या सोमवारी आला. घरात फुगे फुगवलेले. मी ते स्तोत्र ऑफिसमधल्या एका सहकाऱ्यासाठी म्हटलं. त्याची नोकरी आदल्या शुक्रवारी गेली होती, डोक्यावर घराचा हप्ता होता. स्तोत्र संपल्यावर त्याला फोन करावासा वाटला. केला. प्रार्थना अशी कधी कधी हाताला काम लावते.

आनंदाचं स्तोत्र येईल आणि तुम्ही मोडलेले असाल, तेव्हा तेही कोणाचं तरी आहे हे लक्षात ठेवा. कुठेतरी आज कोणाचा रिपोर्ट चांगला आला आहे, कोणाच्या घरी दहा वर्षांनी पाळणा हलला आहे. त्यांच्यासाठी ते म्हणा. अगदीच जमलं नाही तर गप्प बसून ऐका. जखऱ्यासुद्धा कित्येक महिने गप्पच होता. देवाने त्या मौनातून गीत काढलं.

आजचा संकल्प : उद्या सकाळी फक्त जखऱ्याचं गीत म्हणा. लूक १:६८ पासून ७९ पर्यंत. म्हणण्याआधी, सध्या मृत्यूच्या छायेत बसलेल्या एका माणसाचं नाव घ्या.

प्रार्थना : हे प्रभू येशू, सकाळी आमची जीभ जड असते आणि मन स्वतःभोवतीच फिरत असतं. तू आमचं तोंड उघड. ज्यांना आज बोलवत नाही त्यांच्यासाठी आम्हाला बोलू दे, आणि ज्या दिवशी आमचे शब्द संपतील त्या दिवशी तुझ्या लोकांच्या आवाजात आम्हाला वाहून ने. आमेन.