पट्टी आणि श्रुती : वाटून घेतलेल्या बेसुराविषयी

यंत्र माणसाच्या बोटाला जी सोय देते, तिच्या मोबदल्यात ते त्याच्याकडून काय मागून घेते, हा प्रश्न जुना आहे. तो पेटीच्या पट्ट्यांइतका स्पष्ट क्वचितच दुसरीकडे दिसत असेल. आपल्या भजनी मंडळांतून, कीर्तनांतून आणि एके काळच्या संगीत नाटकांतून पेटी इतकी सरावाची झाली आहे की ती परक्या मुलुखातून आली, हे सहसा आठवतही नाही. परंतु तिच्या पट्टीत एक नैतिक कोडे दडलेले आहे, आणि सीमेवरच्या आपल्यासारख्या लोकांनी ते उलगडून पाहण्याजोगे आहे.

प्रथम पट्टी म्हणजे काय, ते पाहू. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबिओसने पाण्याच्या दाबाने हवा स्थिर राखणारा ऑर्गन घडवला. पुढे हेरॉनने त्याचे जे वर्णन लिहून ठेवले, त्यात दाबलेली पट्टी मूळ जागी परतावी म्हणून शिंगाची लवचीक पट्टी आणि आतड्याची तात यांची योजना आहे. दोन हजारांहून अधिक वर्षे लोटली, तरी तत्त्व तेच राहिले आहे. आपल्या पेटीची पट्टी ही एक साधी तरफ असते. पुढचे टोक दाबले की मागचे उचलले जाते, त्याखालचे कातडे भोकावरून सुटते, भात्यातल्या हवेला वाट मिळते आणि पितळी सुराची जीभ थरथरू लागते. बोट उचलताच तारेची स्प्रिंग ती वाट बंद करते. नळ्यांच्या ऑर्गनमध्ये पट्टी आणि झडप यांच्यामध्ये पातळ लाकडी काड्यांची साखळी असते. झडप हवेचा दाब तोडून उघडते, त्या क्षणीचा सूक्ष्म विरोध वाजवणाऱ्याच्या बोटापर्यंत पोचतो, आणि जाणता कारागीर तो विरोध जाणूनबुजून जपतो.

अशा ऑर्गनच्या पट्ट्या हाताने घडवताना त्या एकाच फळीवर आखून मग वेगळ्या केल्या जातात. दोन पट्ट्यांमध्ये फट फार राहिली तर त्या खडखडतात. अगदीच कमी राहिली तर पावसाळ्यात लाकूड फुगते आणि एक दाबताना शेजारची तिच्याबरोबर खाली जाते. एकाच फळीतून निघालेल्यांनाही एकमेकींपासून नेमके अंतर लागते. हे काम पेटीच्या पोटात होते, श्रोत्याला ते कधी दिसत नाही. तरीही सगळे वादन त्यावरच उभे असते.

तथापि पट्टी कितीही निर्दोष घडवली, तरी एक दोष उरतोच आणि तो कारागिराचा नसतो. षड्जापासून पंचमाने चढत जावे, प्रत्येक पंचम तिनास दोन या शुद्ध प्रमाणात घ्यावा. बाराव्या पायरीवर षड्ज पुन्हा भेटावा अशी अपेक्षा असते. तो भेटत नाही. सात सप्तके ओलांडून आपण षड्जाच्या किंचित वर जाऊन पोचतो. सप्तकाचे 1200 भाग कल्पून प्रत्येकाला सेंट म्हटले, तर ही वाढ सुमारे 24 सेंट भरते. म्हणजे एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंतच्या अंतराचा जवळजवळ चौथा हिस्सा. आकड्यांचाच हा स्वभाव आहे. हे शेष कुणाच्या तरी पदरात टाकल्यावाचून गत्यंतर नाही.

टाकायचे कुणाच्या? युरोपातील जुन्या ऑर्गनकारांनी एक मार्ग काढला होता. नित्याचे स्वरमेळ गोड ठेवायचे आणि साचलेला सगळा बेसूर एका आडबाजूच्या पंचमावर लोटायचा. तो पंचम इतका विव्हळे की त्याला 'लांडगा' असे नाव पडले. दुसरा मार्ग समविभागाचा. बाराही पंचम प्रत्येकी दोन सेंटने आखडावेत. कुणीच पूर्ण शुद्ध नाही आणि कुणीच विव्हळत नाही. त्यामुळे गायकाने काळी एक घेवो की पांढरी चार, पेटी त्याला सारखीच साथ देते. पहिल्यात एकाचा बळी आहे, दुसऱ्यात सर्वांचा थोडा थोडा त्याग. न्यायबुद्धी साहजिकच दुसऱ्याकडे झुकते.

परंतु इथेच थांबून नीट ऐकले पाहिजे. समविभागाने पंचमाला दोन सेंटचा चिमटा बसतो. गांधाराचे काय होते? शुद्ध गांधार 386 सेंटवर असतो, पेटीचा 400 वर. म्हणजे तो 14 सेंटने चढा लागतो. ओझे पंचमांत अगदी समान वाटले गेले, पण त्याची झळ गांधाराला सातपट लागली. समान वाटप म्हणजे समान हानी नव्हे, हा धडा गणित इतक्या कोरडेपणाने देते की त्याच्याशी वाद घालता येत नाही.

हा अन्याय आपल्याकडच्या जाणकारांच्या कानांनी लवकरच टिपला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि ई. क्लेमंट्स या सनदी अधिकाऱ्यासह श्रुती-हार्मोनियमचा घाट घातला. 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिची चर्चा झाली. ती मात्र रूढ झाली नाही. प्रत्येक अन्यायाला स्वतंत्र पट्टी द्यायची म्हटली तर पट्ट्या वाढत जातात आणि बोटांना त्या आवरत नाहीत. शिवाय मींड पट्ट्यांच्या मधल्या फटीतूनच जाते. तिथे पट्टी कशी बसवणार? दुसरे टोक आकाशवाणीने गाठले. 1940 मध्ये तिने पेटीवर बंदीच घातली, आणि ती सैल व्हायला तीसएक वर्षे जावी लागली. ज्या काळात गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी पेटीला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली होती, त्याच काळात हे घडले. सुधारणा अवघड ठरली आणि बहिष्कार टिकला नाही.

आता आपल्या अंगणाकडे वळू. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून या भागाचे नागपूरशी नाते आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले. पांढुर्णा आणि सौसर छिंदवाडा जिल्ह्यासह मध्य प्रदेशात राहिले. 2023 मध्ये या दोन तहसिलींचा पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी कारभाराची भाषा हिंदीच आहे. आपण इथे समविभागाने राहायला शिकलो. बाजारात आपण हिंदीकडे सरकतो, शेजारी आपल्या बोलीकडे सरकतो. पोळा सगळ्यांचाच असतो. प्रत्येकाने दोन सेंट सोडले आणि गावात लांडगा विव्हळला नाही. ही लहानसहान सिद्धी नव्हे.

मात्र इथेही गांधार आहे. अर्ज हिंदीत लिहिल्याने फारसे काही बिघडत नाही. भाव विचारताना शब्द बदलला तर कुणाला बोचत नाही. पण घरात 'आत्या'ची 'बुआ' झाली, आजीची ओवी नातीला अर्थ विचारावा लागेल इतकी दूर गेली, की तीच तडजोड सातपट जड होते. हा कुणाचा दुष्टावा नाही, म्हणूनच त्याविरुद्ध तक्रार नोंदवायला जागाही नाही. ज्याची हानी सर्वाधिक, त्याचा आवाज सर्वांत हळू.

मग कर्तव्य कोणते? पेटी फोडून टाकणे हे नव्हे, आणि सगळ्या श्रुतींच्या पट्ट्या बसवण्याचा अट्टहासही नव्हे. उत्तर चांगल्या साथीदाराच्या हातात आहे. गायक गांधारावर ठेहराव घेतो तेव्हा तो पट्टी रेटत नाही. तेवढी जागा रिकामी सोडतो किंवा तिला निसटता स्पर्श करून पुढे जातो. आपले वाद्य कुठे खोटे बोलते हे त्याला ठाऊक असते, कारण त्याचा कान तंबोऱ्याला लागलेला असतो. तडजोड करण्यात अधर्म नाही. ती तडजोड होती याचा विसर पडून चढा गांधारच शुद्ध वाटू लागणे, यात मात्र खरी हानी आहे. तसा कान मग पुढच्या पिढीलाही तेच देतो.

तंबोऱ्याला गांधाराची तार नसते. तरीही खर्जाची तार नीट जुळली, जवारी बरोबर लागली, की तिच्यातून गांधार आपोआप उमटतो आणि तो शुद्ध असतो. घरातली मराठी अशीच आहे. तिच्यासाठी वेगळी पट्टी मिळेल किंवा न मिळेल; खर्ज मात्र आपल्यालाच रोज लावावा लागेल.