विश्वकर्म्या, या हातांकडे पाहा

हे विश्वकर्म्या, माघ शुद्ध त्रयोदशीला अकोला-अमरावतीकडचे सुतार घरी तुझी तसबीर पाटावर मांडतात. वासला, रंधा, करवत, पटाशी धुऊनपुसून तिच्यापुढे ठेवतात, हत्यारांना हळदकुंकू लावतात. तुझ्यापुढे नारळ फोडणारी ही घरे आता विरळ होत चालली आहेत. म्हणून ही प्रार्थना त्यांच्या वतीने ऐक, आणि त्यांच्यामुळे ज्यांचे संसार उभे राहिले त्या सगळ्या वऱ्हाडाच्याही वतीने ऐक.

मनू, मय, त्वष्टा, शिल्पी आणि दैवज्ञ असे तुझे पाच पुत्र, असे पांचाळ परंपरा सांगते. लोखंड मनूकडे, लाकूड मयाकडे, तांबे त्वष्ट्याकडे, दगड शिल्पीकडे, सोने दैवज्ञाकडे. पण देवा, तुझी लेकरे पाचच कशी असतील? चाकावर माती चढवणारा कुंभार तुझाच. माग चालवणारा कोष्टी, बांबू सोलून सूप विणणारा बुरूड, चामडे कमावून जोडा शिवणारा चांभार, दोर वळणारा मांग, हेही तुझेच. बाळापूरला पूर्वी कागद बनवणारे कागदी अल्लाचे नाव घेत; त्यांच्या बोटांतली कळाही तूच दिलेली होती, असे मी मानतो.

बैलगाडीचे चाक आठव. बाभळीचा तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांवर पुठ्ठे. सुतार चाक जुळवी आणि लोहार त्यावर लोखंडी धाव चढवी. धाव चाकाच्या घेराहून मुद्दाम थोडी तोकडी ठेवायची, गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची, तापून वाढली की सांडशीने उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. लोखंड आकसते, सांध्यासांध्यातले लाकूड करकचून आवळले जाते, आणि मग ते चाक कापसाने भरलेली बंडी अमरावतीच्या बाजारापर्यंत नेते. फार तोकडी ठेवली तर आरे मोडतात. सैल राहिली तर चैत्र-वैशाखात लाकूड सुकून धाव वाटेतच निखळते. ऊन, लाकूड आणि लोखंड या तिघांचा हा हिशेब ज्यांच्या डोक्यात पक्का होता, त्यांतल्या बहुतेकांची नोंद सरकारी कागदावर निरक्षर अशीच झाली. आणि जी लोहारीण भात्याशी बसली, वेळ पडली तेव्हा ऐरणीसमोर उभी राहून घण मारत राहिली, तिला तर कारागीर म्हणून कुणी मोजलेच नाही. देवा, तिला तू मोज.

कुंभाराचेही तसेच. आमची काळी जमीन कापसाला माय आहे, पण कुंभाराला ती सोपी नाही. ती पाण्याने फुगते आणि सुकली की भेगाळते. म्हणून तो तिच्यात राख आणि लीद कालवतो, दुसऱ्या मातीची जोड देतो, पायाने तुडवतो, खडा न खडा वेचतो. पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथल्या विहिरींना खारट पाणी लागते, गोडे पाणी लांबून आणून जपावे लागते. अकोल्याचा पारा 45 अंशांच्या वर जातो त्या दिवसांत ते पाणी थंड राहते ते माठाच्या अंगातून पाझरते म्हणून. पाझर किती ठेवायचा हे आवा पेटवणाऱ्याला कळते. कमी भाजले तर माठ गळतो, जास्त भाजले तर पाणी कोमट राहते. एवढे ज्ञान आम्ही दर उन्हाळ्यात ओंजळीने प्यालो.

विश्वकर्म्या, तुझ्या चित्रात एका हातात पोथी असते आणि दुसऱ्या हातात गज. ती दोन्ही एकाच देहाची आहेत, हे आम्ही विसरलो. पोथी एका आळीत ठेवली आणि गज दुसऱ्या आळीत. मोजणाऱ्याला वाचू दिले नाही, आणि वाचणाऱ्याने मोजणे हलके मानले. त्यातून झालेले नुकसान फार मोठे आहे. बार्शीटाकळीच्या हेमाडपंती देवळाचे नक्षीचे दगड घडवणाऱ्याने ते कसे तोलले, कसे बसवले, ते लिहून ठेवले असते तर! नरनाळा किल्ल्याच्या महाकाली दरवाज्यावर सुलतानांची नावे कोरलेली आहेत. बाळापूरच्या छत्रीला आपण मिर्झा राजे जयसिंगांची छत्री म्हणतो. ज्या पाथरवटांनी ही कामे दगडातून काढली, त्यांच्या नावाने गावात एक गल्लीही नाही.

कोष्ट्यांची गोष्ट मी तुझ्यापुढे फिर्याद म्हणून मांडतो. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध चालले, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि त्यांची नजर आमच्या वावरांवर आली. 1867 मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. तिने रुईच्या गाठी मुंबईला नेल्या आणि येताना विलायती सूत आणि कापड आणले. त्या काळचे कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नॅक यांनी तर सरकारी लिखाणातच अपेक्षा व्यक्त केली होती की, विलायती कापड स्वस्त झाले की इथले विणकर माग सोडून शेतमजुरीला लागतील. तसेच घडले. धोटा टाकून हातात विळा आला. ज्या जिल्ह्यांतल्या रुईवर जगाचा बाजार हालत होता, तिथल्याच विणकराला अंगावरचे कापड दुकानातून आणावे लागले. देवा, हा केवळ काळाचा महिमा नव्हता. माणसांनी ठरवून केलेले काम होते, आणि त्याचा जाब तुझ्या दरबारी मागितला गेलाच पाहिजे.

पण सगळा दोष परक्यांच्या माथी मारून तुझ्यासमोर उभे राहता येत नाही. बलुत्याची व्यवस्था गोड होती असे मी म्हणणार नाही. सुगीला खळ्यावर जाऊन सुताराने, लोहाराने, कुंभाराने आपले पायली-दोन पायली मागायचे. वर्षभराच्या कामाचे मोल मालकाच्या मनावर आणि पावसावर. ज्याने तिफन भरून दिली, त्याने पेरणीच्या वेळी हुकूम ऐकायचा आणि मळणीच्या वेळी वाट पाहायची. चांभाराचा आणि मांगाचा वाटा तर गावाच्या कडेला उभे राहूनच. दिवाळीला लक्ष्मी म्हणून ज्या केरसुणीची आम्ही पूजा केली, ती बांधणाऱ्याला आमच्या ओसरीवर पाय ठेवता येत नव्हता. अंबादेवीच्या परडीतला बांबू सोलणारा कोण होता, हे कुणी विचारले नाही. 1927 मध्ये अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून अमरावतीत लढा उभा राहिला. 13 नोव्हेंबरला इंद्रभुवन थिएटरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. देवीची शहरभर प्रतिष्ठा आणि देवीच्या लेकरांना दार बंद! त्या दाराचे कवाडही कुण्या सुतारानेच घडवले होते ना?

म्हणून देवा, कला परत आण, पण तिच्याबरोबर जात परत आणू नकोस. बापाचा धंदा मुलावर लादण्याचे ते जू पुन्हा कुणाच्या मानेवर नको. याच मातीतून शेंडगावचे गाडगेबाबा निघाले. परिटाच्या घरात जन्मलेला तो माणूस हातात खापराचे गाडगे घेऊन गावोगाव फिरला, रस्ते झाडले, जातीभेदावर कोरडे ओढले, आणि 20 डिसेंबर 1956 रोजी वलगावजवळ देह ठेवला. मातीच्या त्या भांड्याने त्यांना नाव दिले. यावलीच्या तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत श्रमाला संपत्ती म्हटले. या दोघांचे ऐकणारे कान आम्हाला दे.

आजचे हाल तू पाहतोसच. ट्रॅक्टर आला, वखर-डवऱ्याची कामे घटली. बंडीला रबरी टायर लागले आणि धाव चढवण्याचा जाळ विझला. टोपली, सूप, घमेले प्लास्टिकचे झाले. तरी हात थांबलेले नाहीत. गौरींना आम्ही महालक्ष्म्या म्हणतो. त्यांचे अमरावतीचे मुखवटे पुण्या-मुंबईकडच्या घरांतही बसतात, त्यांच्या डोळ्यांची आखणी करणारी बोटे इथलीच. श्रावणात अकोल्याच्या राजराजेश्वराला गांधीग्रामच्या पूर्णेवरून कावडी निघतात. त्या कावडींवरची भरणी कुणीतरी घडवलेली, उजळवलेली असतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला पोरे लाकडी नंदी ओढत निघतात; त्या नंदीची शिंगे सुताराच्या रंध्याखालून आलेली असतात.

सरकारने 17 सप्टेंबर 2023 रोजी तुझ्या नावाची योजना सुरू केली. तिच्यात 18 पारंपरिक व्यवसाय, अवजारांसाठी 15,000 रुपये आणि 5 टक्के व्याजाने दोन टप्प्यांत 3 लाखांपर्यंत कर्ज. वर्षभराने वर्ध्याच्या कार्यक्रमात अमरावतीच्या नांदगाव पेठला होणाऱ्या मोठ्या वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी झाली. हे चांगले आहे, आणि पुरेसे नाही. कर्जाने अवजार घेता येते, गिऱ्हाईक घेता येत नाही. तिथल्या कोष्ट्याच्या नातवाला त्या पार्कात केवळ झाडलोटीचे काम न मिळता आराखडा काढायची खुर्चीही मिळो, अशी बुद्धी चालवणाऱ्यांना दे.

आता माझे मागणे. सुताराच्या पोरीला वासला धरावासा वाटला तर तिचा हात कुणी मागे ओढू नये. कुंभाराच्या पोराला डॉक्टर व्हायचे असेल तर त्याला मातीची आठवण करून देऊ नये, आणि डॉक्टरच्या पोराला चाकावर बसावेसे वाटले तर त्याच्या घरच्यांची मान खाली जाऊ नये. अमरावतीच्या आणि अकोल्याच्या विद्यापीठांत धाव चढवण्याचे, आवा लावण्याचे, ताणी पाजण्याचे ज्ञान जिवंत माणसांच्या तोंडून लिहून घेतले जावे. ज्यांना येते ती माणसे म्हातारी झाली आहेत, उशीर करू देऊ नकोस. ज्या वस्तूवर व्यापाऱ्याचा शिक्का आहे तिच्यावर करणाऱ्याचेही नाव असावे. आणि येत्या तान्ह्या पोळ्याला लेकरासाठी नंदी घ्यायला आम्ही सुताराच्या दारात उभे राहू, तेव्हा भाव पाडायची हुशारी आमच्याकडून काढून घे. त्याने सांगितलेले दाम मोजून देण्याची दानत तेवढी आमच्या हाताला लाव.