थांबायची तारीखही लिही

कवठे महांकाळ

चि. डॉक्टरबाई,


दवाखान्यात टॉनिकं आणि पूरक गोळ्या कुठल्या ठेवू, असं तू फोनवर विचारलंस. औषध कंपन्यांचे एमआर रोज नवी यादी ठेवून जातात आणि निम्मे पेशंट 'ताकदीचं काहीतरी द्या' म्हटल्याशिवाय खुर्चीवरून उठत नाहीत, हेही म्हणालीस. फोनवर उरकण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून लिहायला बसले.

कंपनी नंतर बघू. जीवनसत्त्व असो, लोह असो की अश्वगंधा, तुझ्या हातानं चिठ्ठीवर उतरलं की ते औषध झालं. मग ते कशासाठी, नेमकं किती आणि कधीपर्यंत, हे त्याच चिठ्ठीवर यायला हवं. यातलं 'कधीपर्यंत' आपल्याकडे जवळजवळ कुणीच लिहीत नाही, आणि माझा सगळा जीव त्यातच अडकलाय.

सरकारी कार्यक्रमातलं झिंक बघ. जुलाब झालेल्या बाळाला दोन ते सहा महिन्यांच्या वयात रोज १० मिलिग्रॅम, त्यापुढे २० मिलिग्रॅम, आणि १४ दिवसांनी बंद. किती स्वच्छ काम! तेच झिंक कोविडच्या काळात लोकांनी ५० मिलिग्रॅमच्या गोळीनं सुरू केलं आणि थांब म्हणायला कुणी नव्हतं म्हणून पुढे चालूच ठेवलं. जास्त झिंक फार दिवस गेलं की शरीरातलं तांबं कमी होतं. मग रक्त कमी होतं, पायांना मुंग्या येतात आणि त्यावर आणखी एक टॉनिक सुरू होतं.

माझ्याकडे एक आजी आल्या होत्या. उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, आणि बोलता बोलता गुंगी. सुनेच्या हातात किराणा दुकानाची पिशवी होती. ती मी टेबलावर पालथी केली, तर डी जीवनसत्त्वाच्या ६० हजार युनिटच्या रिकाम्या पुड्यांचा ढीग पडला. गुडघ्यासाठी कुणीतरी लिहून दिलेल्या. चिठ्ठीवर नाव होतं, 'आठवड्यातून एकदा' नव्हतं. सून बिचारी रोज रात्री दुधातून देत होती, मनापासून. रक्तातलं कॅल्शियम कुठल्या कुठे गेलेलं, मूत्रपिंडावर ताण आलेला. आयसीएमआरच्या २०२० च्या तक्त्यात डी जीवनसत्त्वाची रोजची गरज ६०० युनिट आहे आणि रोजच्या सेवनाची वरची मर्यादा ४००० युनिट. एका पुडीत शंभर दिवसांची गरज असते. म्हणून पुडी देताना वार लिही, 'दर रविवारी, आठ रविवार', आणि शेवटच्या रविवारची तारीखही घाल. मेडिकलवाल्यानंही ती वाचली पाहिजे.

आता लोह. आपल्या तालुक्यात म्हैसाळचं पाणी आलं, द्राक्षं वाढली, बेदाण्याची शेडं उभी राहिली. पण त्या शेडात दिवसभर बेदाणा निवडणाऱ्या बायकांचे डोळे खाली ओढून बघ, पांढरेफटक. त्यांना कुणी 'बेदाणा खा, रक्त वाढेल' म्हणून सांगतं. खाऊ देत, चांगलाच आहे, पण मूठभर बेदाण्यातलं लोह एका गोळीच्या जवळपासही पोचत नाही. गोळी देताना पाकिटावरचा मोठा आकडा वाचू नकोस, आतलं शुद्ध लोह किती ते बघ. फेरस सल्फेट किंवा फ्युमरेट २०० मिलिग्रॅम म्हणजे लोह साधारण ६० ते ६५. ग्लुकोनेटच्या ३०० मिलिग्रॅमच्या गोळीत जेमतेम ३५. कॅल्शियमचंही तसंच. १२५० मिलिग्रॅम कार्बोनेटात कॅल्शियम ५००, आणि १००० मिलिग्रॅम सायट्रेटात दोनशेच्या आसपास.

सरकारची लाल गोळी ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिडची. गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस, आणि पंडुरोग असेल तर दोन. त्यात आपली अक्कल घालायची नाही. मात्र गरोदर नसलेल्या, पोटात मळमळतं म्हणून गोळी टाकून देणाऱ्या बाईला मी दिवसाआड देते. झुरिकच्या संशोधकांनी २०१७ साली दाखवलं, की एका गोळीनंतर शरीर दिवसभर लोहाचा दरवाजा अर्धा लोटून घेतं. दिवसाआड दिलं तर गोळीतलं जास्त शोषलं जातं. चहा, कॅल्शियम आणि लोह एका वेळी नको. थायरॉइडच्या गोळीपासून तर चार तास लांब. आपल्या बायका या सगळ्या गोळ्या सकाळच्या चहाबरोबर एकाच घोटात घेतात, म्हणून वेळा लिहून दे.

बी-१२ साठी तुझ्याकडे येणारा माळकरी माणूस नीट विचारून घे. मांसमच्छी नाही, वर मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू. अशाला नुसतं फॉलिक अॅसिड दिलंस तर रक्ताचा आकडा सुधारेल आणि नसांचा नाश आतल्या आत चालू राहील. आणि इथे थांबायची तारीख नसते. आहार आणि औषध बदलणार नसेल तर बी-१२ कायमचं, हेही लिहूनच द्यायचं.

वनस्पतींबद्दल तुझा विश्वास माझ्याइतकाच आहे, म्हणून जास्त बोलते. सांगलीची हळद आपल्या रक्तात आहे. पण भाजीतली चिमूट वेगळी आणि कॅप्सूल वेगळी. ९५ टक्के कर्क्युमिनाच्या ५०० मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलला जेवढं कर्क्युमिन लागतं, तेवढ्यासाठी साधारण १५ ग्रॅम हळद खावी लागेल. वर मिऱ्यातलं पाइपरिन घातलेलं. १९९८ साली बंगळुरूच्या अभ्यासात २० मिलिग्रॅम पाइपरिननं कर्क्युमिनाचं शोषण वीसपट वाढलं. तेच पाइपरिन मिरगीच्या फेनिटॉइनचं रक्तातलं प्रमाणही वाढवतं. २०१९ साली इटलीत हळदीच्या पूरक गोळ्या घेणाऱ्यांत काविळीचे रुग्ण निघाले. स्वयंपाकघरातल्या हळदीनं हे होत नाही, मात्रेनं होतं.

अश्वगंधेचं चूर्ण ३ ते ६ ग्रॅम. अर्क असेल तर ३०० मिलिग्रॅम दोनदा. एकाचा आकडा दुसऱ्याला लावायचा नाही. मूळ हवं, पान नको. थायरॉइड वाढलेल्याला आणि गरोदर बाईला देऊ नकोस. गुळवेलीचं तर तुला आठवत असेलच. २०२० च्या काढ्याच्या दिवसांत मुंबईत यकृत बिघडलेल्या सहा रुग्णांचा अहवाल पुढच्या वर्षी आला, नंतर देशभरातून आणखी. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं, की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल गेली असावी. दोन्ही बाजू ऐकल्यावर मला एवढंच कळतं, की बांधावरच्या लिंबावरून तोडून आणलेल्या वेलीची ओळख आणि मात्रा दोन्ही तुला माहीत नसतात. भजनी मंडळातला कुणी ज्येष्ठमध चघळत असेल आणि त्याचा रक्तदाब औषधानं उतरत नसेल, तर आधी ते बंद करून बघ.

तर दवाखान्यात काय ठेवशील? लोह-फॉलिक, बी-१२, कॅल्शियम, डी, झिंक. बस. वनौषधी एकेकच घे, लेबलवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, कुठला भाग आणि किती मिलिग्रॅम, हे छापलेलं असेल तरच. बारा वनस्पतींचं 'मालकीचं मिश्रण' कितीही स्वस्त मिळो, परत पाठव. एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना असलेला डबा कायद्यानं अन्न आहे. त्यावर आजार बरा करण्याचा दावा दिसला तर त्या एमआरला नमस्कार कर. दहावर दोन फुकट घेऊ नकोस. ते दोन खपवायला मग पेशंट शोधावे लागतात.

आणि कुणाचे डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, तर पिशवीतलं सगळं एकदम बंद करून यकृताची तपासणी कर. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे दुष्परिणाम कळवायचा फॉर्म असतो, तो भरायचा आळस करू नकोस. त्यात बॅच नंबर विचारतात, तेव्हा डबा फेकून द्यायच्या आत घरून मागवून घे.

तुझी,
आत्या