नळीवरचा पोपट आणि देहूची बहिणाबाई



आजचा श्लोक : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ५.

भगवंत इथे सांगतात की माणसाने स्वतःला स्वतःच वर काढावं, खचू देऊ नये. कारण आपला मित्र आपणच आणि वैरीही आपणच. हा श्लोक आपण करिअरला लावतो, अभ्यासाला लावतो. प्रेमाला लावायचं मात्र राहून जातं.

माझी एक मैत्रीण कामशेतहून रोज लोकलने पुण्याला येते. तीन वर्षं एकाची वाट बघतेय. तो म्हणतो, "घरी सांगतो, थोडं थांब." दोन-दोन दिवस मेसेजला उत्तर नाही, आणि शेवटी सॉरी हीच म्हणते! तिने मला विचारलं, "अगं, आपण रोज हरिपाठ म्हणतो, मीपण सोडायला शिकतो. मग मला अपमान वाटतो, हा माझा अहंकारच ना? देवापुढे समर्पण चालतं, तर प्रेमात का नको?"

प्रश्न सोपा नाही. मला जे सुचलं ते लिहिते.

"मी सगळ्यांपेक्षा भारी" हा अहंकार, हे आपल्याला कळतं. पण "त्याच्याशिवाय मी कुणीच नाही" यातही दिवसभर 'मी'चंच वजन चाललेलं असतं. फक्त तराजू दुसऱ्याच्या हातात असतो. मीपण सोडणं म्हणजे तराजूच खाली ठेवणं. स्वतःला कमी लेखणं म्हणजे नम्रता नव्हे.

आणि समर्पण कुणापुढे? जनाबाईने सगळं विठ्ठलाला वाहिलं, तर तो तिच्या जात्याला हात लावायला आला, असं आपली परंपरा सांगते. ज्याला आपण सगळं द्यावं, तो आपल्याला लहान करत नाही. आपल्यासोबत दळायला बसतो. एवढी एक कसोटी पुरे आहे.

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात माउली नळीवरच्या पोपटाचा दृष्टान्त देतात. पोपट नळीवर बसतो, त्याच्या भाराने नळी फिरते, तो घाबरून तिला आणखी घट्ट पकडतो आणि समजतो की आपण अडकलो. बांधलेलं कुणीच नसतं. मैत्रिणीला हा दृष्टान्त सांगितला, तर ती बराच वेळ गप्प होती.

पण प्रत्येक बंधन मानलेलं नसतं, हेही खरं. संत बहिणाबाईंचंच बघा. जन्म १६२८, वेरूळजवळचं देवगाव. अगदी लहानपणी, वयाने खूप मोठ्या असलेल्या बिजवराशी लग्न. कीर्तनाचा आणि तुकोबांचा ध्यास लागला म्हणून नवऱ्याने मारलं, बांधून घातलं. पुढे नवरा बदलला आणि ते देहूला आले. तुकोबांच्या चिंतनाचा भंडारा डोंगर तिथून जवळच, आपल्या मावळात इंदोरीपाशी.

बहिणाबाईंनी हे सगळं आपल्या आत्मनिवेदनाच्या अभंगांत स्वतः सांगून ठेवलंय. मार लपवला नाही, आणि त्या मारावरून स्वतःची किंमतही ठरवली नाही. पोपट मोकळा असून स्वतःला बांधलेला समजतो. बहिणाबाई खरोखर बांधलेल्या होत्या, पण मन बांधू दिलं नाही.

मात्र यातून "सहन करा, एक दिवस तो बदलेल" असा अर्थ कृपया काढू नका. सतराव्या शतकातल्या त्या मुलीला निघून जायला वाट नव्हती. तुम्हाला आहे. मार किंवा धमकी असेल, तर घरच्यांना सांगा, मदत घ्या. तिथे श्लोक पुटपुटत बसणं ही भक्ती नाही.

मैत्रिणीने त्याला शेवटी सरळ विचारलं. उत्तर मनासारखं आलं नाही. ती रडली, अजूनही मधूनच रडते. स्वतःचं मोल कळलं म्हणून दुःख होत नाही असं थोडंच आहे? पण न केलेल्या चुकीची माफी मागणं थांबलंय. स्वतःशी मैत्री बहुतेक अशीच, छोट्या गोष्टीपासून सुरू होते.

आजचं चिंतन : आज दिवसभरात मी स्वतःशी जसं बोलले किंवा बोललो, तसं जिवलग मैत्रिणीशी बोलता आलं असतं का?

राम कृष्ण हरी.